मुलांना आधी ‘मला कुत्रा चावला’ हे सांगायला शिकवा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

रेबीजची माहिती प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात घ्यावी, ही मागणी तुमच्यापर्यंत याआधीही पोहोचली असेल. मी एक प्राथमिक शिक्षिका आहे आणि माझीही मागणी तीच आहे. फक्त त्या धड्याची सुरुवात कुठून व्हावी, याबद्दल मला कळकळीने काही सांगायचे आहे. विषाणूचे नाव, रोगाची लक्षणे, लसीचा शोध हे सगळे नंतर येऊ द्या. पहिली गोष्ट एवढीच शिकवा, की कुत्रा चावला, मांजराने ओरबाडले किंवा खरचटलेल्या जागी एखाद्या प्राण्याने चाटले, तर त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचे. आणि सांगणाऱ्या मुलाला कुणीही रागावणार नाही, हे वचन त्याच धड्यात मोठ्यांनी द्यायचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात आणि त्यांतली ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर, मानेवर, डोक्यावर बसण्याचा धोका जास्त. तिथून मेंदू जवळ, म्हणून हाताशी वेळही कमी. ही कारणे आरोग्य खात्याच्या पत्रकात वाचायला मिळतात. वर्गात वावरणाऱ्या माणसाला आणखी एक कारण रोज दिसते : मुले लपवतात.

का लपवतात, हेही सरळ आहे. त्या कुत्र्याजवळ जाऊ नकोस, असे बजावलेले असते. दगड आपणच मारलेला असतो. चेंडू आणायला नको त्या आवारात शिरलेलो असतो. सुईची भीती तर असतेच, त्यात पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात असे कुणीतरी सांगून ठेवलेले असते. जखम म्हणाल तर नखाएवढी. बाही खाली ओढली की झाकली जाते आणि चार दिवसांत खपली धरते. तोवर विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे निघालेला असतो. बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी, कधी त्याहून लवकर, तर क्वचित वर्षभरानंतर, ताप येतो, जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात आणि पाण्याचा घोटही गिळवत नाही. मग घरचे आठवू लागतात. पण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो आणि तिथून परत आणणारा खात्रीचा उपचार आजही वैद्यकाकडे नाही. चावा आणि पहिले लक्षण यांच्या मधल्या काळात मात्र वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले, तर मूल हमखास म्हणावे इतक्या खात्रीने वाचते. म्हणून त्या काळात तोंड उघडणे ही मुलाच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी रेबीजची लस ज्याला टोचायला सुरुवात केली, तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचा मुलगा होता. कुत्रा चावल्यानंतर दोन दिवसांत त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला पोहोचली होती आणि तो वाचला. त्याच्या अंगावर इतके चावे होते की लपवण्याचा प्रश्नच नव्हता. मला काळजी वाटते ती एकच ओरखडा असलेल्या मुलाची.

सांगितल्यावर दुसरी पायरी धुण्याची, आणि ती फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवायची असते. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, साबणाने ते मोडते आणि जखमेतला विषाणू बराच कमी होतो. पण १५ मिनिटे म्हणजे किती, हे आठ वर्षांच्या मुलाला कसे कळावे? ते दहा सेकंद हात ओला करून ‘धुतले’ म्हणून येते. म्हणून हा भाग नळाशी उभे राहून, घड्याळ लावून, सगळ्या वर्गाकडून करून घ्यायला हवा. एकदा पाय अवघडले की तो वेळ मुलांच्या लक्षात राहतो. जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे त्याच तासाला सांगता येईल. लस आता पोटात देत नाहीत, बहुधा दंडात देतात, हे मुलांना जरूर सांगावे. भीती निम्मी होते. रक्त आलेल्या जखमेसाठी लसीबरोबर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते आणि दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवायची नसते. हा भाग पालकसभेसाठी ठेवावा, तो मुलांच्या खांद्यावर टाकू नये.

चित्रांबद्दल एक विनंती. या विषयाच्या भित्तिपत्रकावर हमखास दात विचकलेला, तोंडातून फेस गाळणारा कुत्रा असतो. कृपया ते चित्र बदला. आजारी दिसू लागण्याआधी काही दिवस कुत्र्याच्या लाळेतून विषाणू बाहेर पडू शकतो आणि काही पिसाळलेली जनावरे आक्रमक न होता सुस्त, लुळी पडतात. फेसाचे चित्र पाहिलेले मूल म्हणते, ‘आपला कुत्रा तसा नव्हता,’ आणि गप्प बसते. पिल्लांचेही तसेच. मुले सर्वांत जास्त खेळतात ती पिल्लांशी आणि त्यांच्या इवल्या दातांना चावा समजतच नाहीत. लस न दिलेल्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, हे चित्रात आलेच पाहिजे.

चावा टाळायचे शिक्षण मुलांना आवडते, कारण त्यात खेळ आहे. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहायचे. खाली पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून दगडासारखे निपचित राहायचे. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याला किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडायचे नाही. हे शिकवताना कुत्र्याबद्दल द्वेष मात्र पेरला जाऊ नये. घाबरलेले मूल दगड उचलते आणि दगड खाल्लेला कुत्रा चावतो.

केवळ शाळेने रेबीज संपणार नाही, याची मला जाणीव आहे. २०१९ मध्ये कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज संपवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा मेक्सिको हा पहिला देश ठरला, तो वर्षानुवर्षे कुत्र्यांना सामूहिक लसीकरण करून. किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर प्रसाराची साखळी तुटते. ते काम दुसऱ्या खात्यांचे आहे. पण फिलिपिन्सने २००७ च्या रेबीजविरोधी कायद्यात शिक्षण खात्यावरही जबाबदारी टाकली आणि प्राणी जबाबदारीने पाळण्याचे शिक्षण प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या विषयांत गुंफायला सांगितले. तिथल्या बोहोल प्रांतात रेबीज निर्मूलनाच्या मोहिमेत शाळेचे धडेही होते. म्हणजे हे करता येते.

तुमच्याकडून हवे आहे ते एक परिपत्रक आणि त्यामागे थोडी तजवीज. प्रत्येक शाळेत नळाशी साबण असावा. चावल्याचे सांगणाऱ्या मुलाची आधी जखम धुवायची, मग पालकांना बोलवायचे, त्याच दिवशी उपचार सुरू झाल्याची खात्री करायची आणि पुढच्या तारखा वर्गशिक्षकाने वहीत लिहून ठेवायच्या, हे लेखी असावे. त्या मुलाला कोणत्याही कारणाने शिक्षा होणार नाही, हेही त्यातच असावे, भले त्याने शाळेची भिंत ओलांडली असेल. शिक्षकांना याचे प्रशिक्षण मिळावे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी फेरी काढून विषय संपवण्यापेक्षा, मोठ्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी हा तास घ्यावा, कारण मुले दिवसभर बाहेर असतात ती तेव्हा. बोलायला अडचण असलेल्या मुलांसाठी खुणेने किंवा चित्रावर बोट ठेवून सांगण्याची सोयही धड्यात हवी.

पुढच्या मोठ्या सुट्टीआधी हे परिपत्रक निघावे, अशी विनंती आहे. धड्याचा मसुदा करायला, तो वर्गात घेऊन पाहायला आणि मुलांना काय कळले, काय कळले नाही ते तुमच्या खात्याला कळवायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका