सेमिस्टर एक्सचेंज सगळ्यांना मिळू दे

संपादक महोदय,
माझी मुलगी यंदा एक सेमिस्टर भुवनेश्वरच्या कॉलेजात शिकून आली, आणि मला खरंच वाटतं ही संधी प्रत्येक पोराला मिळायला हवी. केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशीच लावलीय, पण त्यात मुलं जातात ती थोड्या दिवसांच्या टूरवर. सेमिस्टरभर राहिलं की मेसमधला डालमा (भाज्या घातलेली डाळ), उन्हाळ्यातला पखाळ (पाण्यात भिजवून आंबवलेला भात) अंगवळणी पडतो, ओडिया पाट्या वाचता यायला लागतात, आणि १९९९च्या चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर बांधलेले शेल्टर स्वतः बघितल्यावर तर तिला आपत्ती व्यवस्थापनाचा विषय असा काही समजला की घरी आल्यावर तेच बोलत होती.

अडचण आली परतल्यावर. मुलांचे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, ऑनलाइन जमा ठेवणारी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, तरी इथल्या कॉलेजात विषय जुळत नाहीत म्हणून क्रेडिट अडकले, एका मॅडमनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे सुटले. असं असेल तर कोण पाठवेल पोरांना? कॉलेजांनी जायच्या आधीच विषय जुळवून लेखी द्यावं आणि सरकारने होस्टेल-प्रवासासाठी स्कॉलरशिप द्यावी, नाहीतर शेतकऱ्याची, रिक्षावाल्याची मुलं यात कधी येणारच नाहीत.

- एक पालक, सांगली