शनिवारची टेबल-मांडणी: आठवण

सख्यांनो, शनिवारी दुपारी 4 वाजता नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. भांडी आपापल्या घरची. पूर्ण सेट हवाच असं नाही. आजीचं काशाचं ताट, चिनी मातीच्या सुट्या बशा, मोडीतून वाचवलेले पितळी पेले, सगळं एका टेबलावर शोभतं. फक्त एक रंग धरून ठेवा: बशीचा काठ निळा, तर रुमालही निळा. मधोमध फुलांचा डोंगर नको, समोरचीचं तोंड दिसू द्या! खाली केळीचं पान अंथरा, जळगावात त्याला काय तोटा. टोक मात्र डाव्या हाताला. भरीत-पुरी खरोखर वाढणार आहोत, म्हणून कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेची चटणी नको, अशी भांडी सजावटीपुरतीच. तळाला नावाची चिकटपट्टी लावा, वाट्या फार लवकर घरं बदलतात.