सही करण्याआधी

चि. मुक्ता हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपण बोललो असे म्हणता येणार नाही. भांडलो, आणि त्यातला मोठा वाटा माझा होता. तू फोन ठेवल्यावर तुझी आई मला काहीही बोलली नाही, त्यावरूनच माझे काय चुकले ते मला कळले. हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे, कारण इंग्रजीत वाद झाला की मी हरतो, आणि मराठीत निदान तुला ओळीओळीवर थांबून वाचावे लागेल. आजीने दोन उन्हाळे समोर बसवून तुला वाचायला शिकवले, त्याचा मी हा असा उपयोग करून घेतो आहे.

ज्या मिस न्यूयॉर्कची विजेती पुढे मिस अमेरिकेच्या स्पर्धेला जाते, तिच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे स्थानिक किताबाच्या स्पर्धेत तू उतरते आहेस, याला माझी हरकत नाही. हे वाक्य रविवारी सगळ्यात आधी म्हणायला हवे होते. माझी हरकत आहे ती त्या छायाचित्रकाराने पाठवलेल्या कागदाला. तू तो मला पैशांचा आकडा दाखवण्यासाठी पाठवलास आणि मी सवयीने कलमे वाचत बसलो. चौथ्या कलमात लिहिले आहे की ही छायाचित्रे त्याला सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी आणि तुला पुन्हा न विचारता वापरता येतील. काउंटीच्या रस्त्यांची आणि पुलांची कंत्राटे तपासण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. ‘सर्व काळासाठी’ असे आम्ही पुलाबद्दलसुद्धा लिहीत नाही. तू त्यावर सही केलीस का, एवढेच मला विचारायचे होते, आणि ते विचारायचे सोडून ‘आपल्यात असले कुणी केलेले नाही’ असे मी बोलून बसलो. ते वाक्य तुझ्या आजोबांचे होते. ते माझ्या तोंडून कसे आले, याचे मलाच आश्चर्य वाटते आहे.

‘आधी माहिती तरी करून घ्या’ असे तू म्हणालीस, म्हणून या आठवड्यात मी रोज रात्री जेवणानंतर या स्पर्धेचा इतिहास वाचतो आहे. विषय वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ खोल निघाला. 1945 मध्ये ब्राँक्समधली बेस मायर्सन ही एका रंगाऱ्याची मुलगी मिस न्यूयॉर्क सिटी म्हणून अटलांटिक सिटीला मिस अमेरिकेच्या स्पर्धेला गेली आणि मिस अमेरिका होऊन परत आली. हा मान मिळालेली ती पहिली ज्यू स्त्री. पहिल्या फेरीसाठी तिचे नाव तिला न विचारताच दिले गेले होते, हे वाचून मी थांबलो. पण नंतर आयोजकांनी नाव बदलून जरा कमी ज्यू वाटेल असे काही घे म्हणून सुचवले, तेव्हा तिने साफ नकार दिला. ती हंटर कॉलेजातून संगीत शिकलेली होती, स्पर्धेत तिने पियानो आणि बासरी वाजवली, आणि त्या वर्षी प्रथमच सुरू झालेली 5000 डॉलरची शिष्यवृत्ती तिला मिळाली. मुकुट मिळाला तरी काही प्रायोजकांना ज्यू मुलगी आपल्या मालाबरोबर दिसायला नको होती. तेव्हा तिने दौरा अर्धवट सोडला आणि ती शाळाशाळांतून द्वेषाविरुद्ध भाषणे देत फिरली. एकेकाळी या स्पर्धेत स्पर्धक गोऱ्या वंशाचीच असावी असा लेखी नियम होता. मिस अमेरिकेच्या मंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक 1970 मध्ये उभी राहिली, तीही क्वीन्समध्ये वाढलेली आपल्या न्यूयॉर्कचीच मुलगी, चेरिल ब्राउन, पण किताब आयोवाचा घेऊन, कारण ती तिकडे शिकत होती.

अर्जावर तू ‘मुक्ता क्षीरसागर’ असे पूर्ण नाव लिहिलेस, हे आईने मला सांगितले. ते माईकवर उच्चारताना निवेदकाचे जे काय व्हायचे असेल ते होवो. मला बरे वाटले.

आता मी ज्या नावाशी येऊन अडकलो आहे ते सांगतो. व्हेनेसा विल्यम्स ही आपल्याच राज्यातल्या मिलवुडची मुलगी. आईवडील दोघेही संगीताचे शिक्षक. ती जन्मली तेव्हा त्यांनी नातेवाइकांना पाठवलेल्या कार्डावर ‘ही पाहा मिस अमेरिका’ असे गमतीने छापले होते. ती आपल्याच सिरॅक्यूज विद्यापीठात शिकत असताना मिस ग्रेटर सिरॅक्यूज झाली, मग मिस न्यूयॉर्क, आणि सप्टेंबर 1983 मध्ये पहिली कृष्णवर्णीय मिस अमेरिका. तू लहान असताना ज्या टेकडीवर आपण घसरगाडी घेऊन जात असू, तिथून दिसणाऱ्या इमारतींमध्ये ती शिकली. दहा महिने तिने धमक्यांची पत्रे सोसली. मग जुलै 1984 मध्ये एका मासिकाने तिची विवस्त्र छायाचित्रे छापायचे ठरवले. एकोणीस वर्षांची असताना उन्हाळ्यात ती एका छायाचित्रकाराकडे काम करत होती, तेव्हाची ती छायाचित्रे. ती स्टुडिओबाहेर जाणार नाहीत असे आपल्याला सांगितले होते आणि छापायला आपण कधीही संमती दिली नव्हती, असे ती पुढे नेहमी सांगत आली. मिस अमेरिकेच्या संस्थेने तिला राजीनामा देण्यासाठी बहात्तर तास दिले. तिने तो दिला. राहिलेले काही आठवडे न्यू जर्सीच्या सुझेट चार्ल्सने मुकुट सांभाळला.

हे मी तुला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. खरे म्हणजे घाबरलो मी आहे, आणि त्याचे कारण अमेरिकेतले नाही, साताऱ्यातले आहे.

1985 मध्ये मी चौदा वर्षांचा होतो आणि घरात तुझ्या आत्याच्या लग्नाचे पाहत होते. स्थळांकडे पत्रिकेबरोबर पाठवण्यासाठी तिचा एक फोटो काढून आणला. मोरपंखी साडी, एक वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, मागे रंगवलेल्या कारंजाचा पडदा. फोटो इतका छान आला की स्टुडिओवाल्याने तो हाताने रंगवून, चौकट करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. कुणाला विचारले नाही. आठवडाभरात कॉलेजची मुले त्या काचेसमोर सायकली टेकवून उभी राहू लागली, आणि एका स्थळाने ‘मुलगी बाजारात लावलेली आहे’ असे म्हणून पत्रिका परत केली. आजोबांनी आत्यालाच दोष दिला, ती हसलीच कशाला म्हणून. मला फोटो काढून घ्यायला सांगायला पाठवले. मी गेलो. स्टुडिओवाला काउंटरवर लहान मुलांचे फोटो कात्रीने कातरत होता, नक्षीच्या कडा करणारी कात्री असते ना, तिने. तो वरही न पाहता म्हणाला, ‘‘पैसे दिलेत ते कॉपीचे. निगेटिव्ह आमची आहे.’’ मला उत्तर सुचले नाही. मी घरी येऊन दुकान बंद होते असे सांगितले. तो फोटो काचेत दोन वर्षे होता. उन्हाने साडीचा रंग उडून ती पांढरी दिसायला लागली तेव्हा त्याने तो काढला. तोपर्यंत आत्या बाजारात जाताना त्या रस्त्याने जात नसे, लांबच्या बोळातून वळसा घालून जाई. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे आणि अजूनही बोलत नाही.

म्हणून विचारतो, सही केलीस का? चौथे कलम खोडून बाजूला आद्याक्षरे घालून परत पाठवता येते. कायद्याने तसे चालते, आणि खोडायला तयार नसलेला छायाचित्रकार आपल्याला नकोच.

तुझी आई आत्ता खांद्यावरून हे वाचून म्हणाली की तुम्ही घाबरवताच आहात. ती नागपूरची, तेव्हा तिने मला नागपूरच्याच मधू सप्रेची आठवण करून दिली. मराठी घरातली खेळाडू मुलगी, 1992 ची मिस इंडिया. त्या वर्षी मिस युनिव्हर्समध्ये ती तिसरी आली. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील या प्रश्नाला तिने खेळाचे मैदान बांधीन असे सरळ उत्तर दिले आणि त्यावर घरोघरी चर्चा झाली. मी आईला म्हणालो की पुढचेही सांग. बुटांच्या जाहिरातीतल्या एका छायाचित्रावरून तिच्यावर 1995 मध्ये खटला झाला आणि तो 2009 पर्यंत चालला. त्यावर आई म्हणाली, ‘‘आणि सुटली ना ती?’’ सुटली. पण चौदा वर्षे, मुक्ता.

पुन्हा तिथेच आलो. क्षमा कर. दुसरे काही लिहितो.

15 सप्टेंबर 2013 ची, मिस अमेरिकेच्या स्पर्धेची रात्र तुला आठवते का? तू चौथीत होतीस आणि दुसऱ्या दिवशी शाळा असूनही आम्ही तुला जागू दिले, कारण त्या वेळची मिस न्यूयॉर्क नीना दावुलुरी फेएटव्हिलची, म्हणजे जवळजवळ आपल्या गल्लीतली. तिने हिंदी चित्रपटातल्या गाण्यावर नाच सुरू केला तेव्हा तू सोफ्यावर उभी राहून तिच्याबरोबर भरतनाट्यमचा अडवू धरलास आणि पाय चुकला म्हणून स्वतःवरच चिडलीस. मिस अमेरिका म्हणून तिच्या नावाची घोषणा झाली तेव्हा मुकुट घालायला मॅलरी हेगन उभी होती, ती आदल्या वेळची मिस न्यूयॉर्क आणि मिस अमेरिका, अलाबामात वाढलेली आणि ब्रुकलिनमध्ये राहून तिसऱ्या प्रयत्नात राज्याचा किताब मिळवलेली. पुढच्या वर्षी नीनाने मुकुट घातला तो हॉफ्स्ट्रा विद्यापीठाच्या कीरा काझांतसेव्हला, जिने प्लास्टिकच्या लाल पेल्यावर ठेका धरून गाणे म्हटले आणि ज्याची तू महिनाभर स्वयंपाकघरात नक्कल करून माझे डोके उठवलेस. लागोपाठ तीन मिस न्यूयॉर्क, तिघी मिस अमेरिका. असे दुसऱ्या कुठल्या राज्याला त्याआधी जमले नव्हते.

पण त्या रात्रीनंतरची सकाळही मला आठवते. सिरॅक्यूजमध्ये जन्मलेल्या, आंध्रातल्या आईवडिलांच्या त्या मुलीला लोक अरब म्हणत होते, दहशतवादी म्हणत होते, आणि तिकडे भारतात ‘इतकी सावळी मुलगी इथे मिस इंडिया झाली असती का’ अशी चर्चा चालू होती. मी ते तुझ्या दृष्टीला पडू नये म्हणून संगणकाची तार काढून ठेवली. तू संध्याकाळी शाळेतून आलीस आणि मला विचारलेस, ‘‘बाबा, आपण अरब आहोत का?’’ तार काढून काही उपयोग झाला नव्हता. नीनाने मात्र त्याला दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर दिले आणि मग वर्षभर, आणि नंतरही, त्वचेच्या रंगावरून होणाऱ्या भेदाबद्दल बोलत राहिली. मी ज्या वयात स्टुडिओवाल्याला उत्तर देऊ शकलो नाही, तिथून फार मोठी नसलेली मुलगी देशासमोर उभी राहून उत्तर देत होती.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. सप्टेंबर 2015 मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी, व्हेनेसा विल्यम्स परीक्षक म्हणून त्याच मंचावर परत आली. ती गायली, आणि संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखाने तिची जाहीर क्षमा मागितली. तिची, आणि प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईचीही. तिचे वडील 2006 मध्येच वारले होते. ज्यांनी ते गमतीचे कार्ड छापले त्यांच्यापैकी एकाच्याच कानावर ते शब्द पडले. मी रात्री साडेअकराला ती चित्रफीत दोनदा पाहिली. दोनच वर्षांनी त्याच प्रमुखाचे जुने ईमेल बाहेर आले, त्यांत मॅलरी हेगनसह माजी विजेत्यांबद्दल अतिशय हीन भाषा होती, आणि डिसेंबर 2017 मध्ये त्याला जावे लागले. मग संस्थेची सूत्रे माजी विजेत्यांकडेच आली. पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केल्याची घोषणा 2018 मध्ये झाली, आणि त्यानंतर मुकुट मिळवणारी पहिली मुलगी पुन्हा मिस न्यूयॉर्कच होती. निया फ्रँकलिन. गाणी रचणारी, ऑपेरा गाणारी. कॉलेजात असताना वडिलांना कर्करोग झाला तेव्हा तिने आपल्या मूळ पेशी त्यांना दिल्या होत्या. हे वाचून झाल्यावर मी दिवा मालवला, पण झोप आली नाही.

तू वाकडी पावले टाकशील अशी भीती मला कधीही वाटलेली नाही. मुकुट देणारे हात आणि तो मागून घेणारे हात एकच असतात, आणि छायाचित्र मात्र तिसऱ्याच्याच कपाटात असते, ही माझी भीती आहे. तू एकवीस वर्षांची आहेस, तुझ्या सहीला माझी परवानगी लागत नाही. मी सल्ला द्यायला बसलो की भाषण होते, हे आई म्हणते ते खरे आहे. त्या कलमापुरते मात्र माझे ऐक, त्यात मी तज्ज्ञ आहे. बाकी साडी कुठली, नाच कुठला, मुलाखतीत काय बोलायचे, ते तू ठरव. स्पर्धेच्या दिवशी बफेलोला यायला मी शुक्रवारची रजा टाकली आहे. बर्फ असेल तर आदल्या रात्री निघू.

तुझा,
बाबा

ता. क. आत्याशी काल बोललो. मी स्पर्धेचे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, आणि मग म्हणाली की पोरीचा एक फोटो पाठव, मोठा, चौकटीत लावण्यासारखा. तू दिवाळीत काढलेला, निळ्या ओढणीचा, माझ्या फोनमध्ये आहे. मी पाठवतो म्हणालो आहे, पण तुला विचारल्याशिवाय पाठवलेला नाही. पाठवू का, ते कळव.