झाडासमोर बसून झाड काढू द्या

महोदय,

मोबाइलवरचा फोटो पुढ्यात ठेवून झाड काढायची सवय आता इतकी रुळली आहे की स्पर्धांमध्येही तशीच चित्रं सर्रास दिसतात. मी चित्रकला शिकवते आणि मला हे मनापासून खटकतं. फोटोत आपल्या अंगावर येणारी फांदी चपटी होते, सावलीतला भाग नुसता काळा पडतो. झाड कळायला त्याच्यापुढे बसावं लागतं, आणि तेही पुन्हा पुन्हा.

माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्षभरासाठी एकच झाड देते. यंदा रेन ट्री आहे. सुरुवातीला सगळे पानंच काढू लागतात, ती मी काढू देत नाही. डोळे किलकिले करून पाहायचं, पानांचे मोठे झुबके आणि त्यांच्यामधून दिसणारे आकाशाचे तुकडे तेवढे काढायचे. त्या तुकड्यांचे आकार साधले की फांद्या जागच्या जागी बसतात. सकाळचं रेखाटन घेऊन मुलं संध्याकाळी त्याच जागी बसली, तर तुकडे मोठे झालेले! दिवस कलला की या झाडाची पानं मिटतात, आभाळ दाटून आलं तरी मिटतात. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः टिपलं.

फांद्यांच्या जाडीचंही तसंच. लिओनार्दो दा विंचीने टिपणवहीत लिहून ठेवलंय की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्या खालच्या खोडाएवढ्या भरतात. ही बेरीज जाडीची नाही, आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाची; म्हणजे खोड दोन सारख्या फांद्यांत विभागलं तर प्रत्येकीची जाडी खोडाच्या साधारण ७० टक्के राहते. मुलं मात्र अंदाजाने निम्मी काढतात. नियम तंतोतंत लागू पडतो असं नाही, पण पेन्सिल आडवी धरून मापायची सवय लागते.

आणि पानगळीत काढलेली रेखाटनं तर जपून ठेवावीत. पुन्हा पालवी भरली की कुठली फांदी कुठून आत जाते हे हाताला ठाऊक असतं.

स्पर्धांच्या आयोजकांना विनंती आहे की पूर्ण चित्रासोबत जागेवर केलेली कच्ची रेखाटनंही मागवावीत, प्रत्येकावर तारीख आणि वेळ घालून. परीक्षकांनी आधी ती पाहावीत, मग चित्र.

– एक चित्रकला शिक्षिका