ढेकणांसाठी धान्यातल्या गोळ्या वापरू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॉलेजं सुरू झाली की पुण्यात जुन्या दिवाण-गाद्यांची खरेदी सुरू होते आणि त्यांतूनच ढेकूण खोलीत येतात. मग कोणीतरी धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आणून देतं. कळकळीने सांगतो, त्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकायच्याच नसतात. कृषी विभागाने सुट्या विक्रीवर धाडी घातल्या पाहिजेत. डायक्लोरव्हॉस या फवारायच्या कीटकनाशकावरही २०२० अखेरपासून देशात बंदी आहे.

ढेकूण विषाशिवायही आटोक्यात येतात, पण चिकाटी लागते. टॉर्च घेऊन गादीची शिवण, दिवाणाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांची खालची बाजू बघा. बॉलपेनच्या टिंबांसारखे काळे डाग ओल्या फडक्याने पुसल्यावर तांबूस फराटले, तर ठिकाण सापडलं. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी तिथेच चिकटलेली असतात. ती जुन्या एटीएम कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्यात टाका.

लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. प्लायवूड पाण्याने फुगतं, म्हणून तिथे कपड्यांच्या स्टीमरच्या तोंडाला फडकं बांधून तो अगदी सावकाश फिरवा. नुसत्या झोताने ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. तिला चेनची पूर्ण बंद खोळ घाला आणि वर्षभर काढू नका. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते पुढे. अंडी आठवड्या-दहा दिवसांत फुटतात आणि बहुतेक फवाऱ्यांना ती दाद देत नाहीत. त्यामुळे दहा ते चौदा दिवसांनी हे सगळं पुन्हा करावंच लागतं, पिल्लू दिसलं तर तिसऱ्यांदाही. डासांचा स्प्रे मारण्यात अर्थ नाही: त्यातल्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाला ढेकूण बऱ्याच ठिकाणी सरावले आहेत, ते नुसते पांगतात.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक पाय वाटीत आणि ती वाटी पसरट भांड्यात ठेवून भांड्यात साबणाचं पाणी घाला. कोरडं गुळगुळीत भांडं पुरत नाही, आपल्याकडचा उष्ण प्रदेशातला ढेकूण ते चढून जातो. पाणी दर चार दिवसांनी बदला आणि बदलताना त्यात ढेकूण सापडतात का ते पाहा.

चाळीत किंवा वसतिगृहात शेजारच्या, वरच्या आणि खालच्या खोल्याही त्याच दिवशी तपासायला हव्यात. खोली बंद करून गावी गेल्याने काही साधत नाही. रक्त न मिळताही ढेकूण कित्येक आठवडे जगतात.

– कीटकनियंत्रण क्षेत्रातील एक वाचक, पुणे