गुडघ्याची गादी आणि मूलपेशींची जाहिरात

मा. संपादक,

‘झिजलेली गादी मूलपेशींच्या एका इंजेक्शनने पुन्हा भरते’ अशा जाहिराती हल्ली कोल्हापुरातही दिसतात. कुस्तीत गुडघे गेलेले पैलवान आणि साठी ओलांडलेली मंडळी त्यांना भुलतात, म्हणून थोडे लिहितो.

मूलपेशी म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणारी पेशी. पण गुडघ्यात सोडली म्हणून तिची कूर्चा, म्हणजे गादीची ऊती, होत नाही. तिच्या कोणत्या जनुकांनी चालू व्हायचे, हे भोवतालचे रासायनिक संकेत ठरवतात. अस्थिमज्जेतून काढलेल्या त्याच पेशींना प्रयोगशाळेत डेक्सामेथासोन, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट दिले, तर तीनेक आठवड्यांत त्या कॅल्शियम साठवू लागतात. म्हणजे हाडाच्या वाटेला लागतात. मिश्रण बदलले की त्यांच्यात चरबीचे थेंब दिसतात.

कूर्चेचे काम सर्वांत किचकट. सपाट बशीत पसरलेल्या पेशी तिकडे सहसा वळत नाहीत. म्हणून सुमारे अडीच लाख पेशी नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाशी त्यांची गोळी करतात. सीरम (रक्तातला पातळ द्रव) वगळून, मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम या प्रमाणात टीजीएफ-बीटा हे संकेत देणारे प्रथिन देतात, दर दोन-तीन दिवसांनी माध्यम, म्हणजे पोषक द्रव, बदलतात. हे तीन-चार आठवडे चालते. गोळी फार मोठी झाली तर ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही आणि मधल्या पेशी मरतात. सगळे जमले तरी घोडे पेंड खाते ते पुढेच: गादीला हवे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन हे प्रथिन, पण सोबत दहाव्या प्रकारचेही तयार होऊ लागते. पेशी फुगून पुन्हा हाडाकडे निघाल्याची ती खूण.

इंजेक्शनमधल्या बहुतेक पेशी तर सांध्यात फार काळ टिकतही नाहीत. काहींचे दुखणे कमी होते, नाही असे नाही. पण सूज उतरणे वेगळे आणि गादी भरणे वेगळे.

रक्ताच्या आजारांत मूलपेशी रोपण यशस्वी होते, कारण तिथे मज्जेत जागा आणि संकेत दोन्ही आयते असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असे रोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच ठेवला होता. प्रत्येक चाचणीला ‘सीटीआरआय’ (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक असतो. रुग्णाने आधी तो मागावा, संकेतस्थळावर पडताळावा. वृत्तपत्रांनीही अशी जाहिरात घेताना त्या क्रमांकाचा आग्रह धरावा, ही विनंती.

आपला,
पेशीसंवर्धनाच्या क्षेत्रातील एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर