बादलीगणिक मोटर कशाला सुरू करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केळी-कापसाचे भाव, तालुकावार हवामान आपोआप गोळा करणारे पायथन प्रोग्राम हल्ली खान्देशातले बरेच विद्यार्थी प्रकल्प म्हणून लिहितात. त्यांत एक चूक हमखास सापडते. ‘रिक्वेस्ट्स’ या, सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या तयार लायब्ररीचा साधा ‘गेट’ (माहिती आणण्याचा आदेश) लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, टाकायचा आणि उशीर झाला की नेटला शिव्या घालायच्या! साधा ‘गेट’ दर वेळी सर्व्हरशी नवी जोडणी करतो आणि काम झाले की तोडतो. विहिरीवरची मोटर बादलीगणिक चालू-बंद करावी, तसे.

जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६ मिळून २५ तालुके. सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीला १०० मिलिसेकंद धरा. जोडणी उभारणाऱ्या टीसीपीची एक फेरी, ती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस १.३ ची एक (१.२ असेल तर दोन). म्हणजे खरी मागणी निघण्याआधीच २५ तालुक्यांमागे ५ सेकंद गेले. त्याच लायब्ररीतले ‘सेशन’ जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरते. ते लूपच्या बाहेर एकदाच तयार केले आणि सर्व्हर एकच असला, तर हाच खर्च ०.२ सेकंदावर येतो.

पण नुसते सेशन करून भागत नाही. ‘स्ट्रीम’ (उत्तर तुकड्यातुकड्याने वाचण्याची सोय) चालू ठेवून उत्तर पूर्ण वाचले नाही किंवा बंद केले नाही, तर ती जोडणी पुन्हा वापरता येत नाही. टाइमआउटची, म्हणजे किती वेळ वाट पाहायची त्या मुदतीची, गंमत आणखी वेगळी. सेशनला ‘टाइमआउट’ नावाचा गुण (अ‍ॅट्रिब्यूट) चिकटवला तर पायथन तक्रार करत नाही आणि लायब्ररी त्याकडे बघतही नाही. मुळात टाइमआउट नसतोच, त्यामुळे प्रोग्राम तासन्‌तास लटकू शकतो. तो प्रत्येक मागणीत द्यावा, जोडणीला ३ आणि उत्तराला १० सेकंद असा.

रिकामी जोडणी सर्व्हर आपणहून तोडतो. अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये मूळ मुदत ५ सेकंदांची, एनजिनएक्स या दुसऱ्यात ७५. दर दहा मिनिटांनी भाव आणणाऱ्याला त्यामुळे अधूनमधून ‘कनेक्शन रीसेट’ (जोडणी तुटल्याची त्रुटी) दिसू शकते. लायब्ररीत आपोआप होणाऱ्या पुनर्प्रयत्नांचा मूळ आकडा शून्य असतो. सेशनला ‘एचटीटीपी अडॅप्टर’ (जोडण्या सांभाळणारा भाग) जोडून तो ३ करावा. ‘पोस्ट’ (सर्व्हरकडे नोंद पाठवणारी मागणी) मात्र त्यातून आपोआप पुन्हा जात नाही, आणि ते बरेच आहे, नाहीतर एकच नोंद दोनदा पडायची.

कुकी (वापरकर्ता ओळखण्याची सर्व्हरने दिलेली खूण) आणि लॉगिन सेशनमध्येच साठतात. म्हणून वेबसाइटवर सगळ्या वापरकर्त्यांना मिळून एकच सेशन देऊ नये. एका शेतकऱ्याचे खाते दुसऱ्याला उघडेल.

– संगणक विषयाचे काही शिक्षक, जळगाव